अख्ख्या वाड्याचा एकच नंबर

— बस रे, उठतोस कशाला. न्हिरो घे अजून एक पेला. चढत नाही, चढतो तो हुर्राक, हा नुसता काजूच्या बोंडांचा रस. आणि मुलीची चौकशी करायला खाली दुकानावर जायचं काही कारण नाही — सर्वणहून एवढ्या उन्हात स्थळ घेऊन आलास, मुलीच्या आजीपेक्षा त्या दुकानदाराला जास्त माहिती असेल? असायची, ते खोटं नाही. पूर्वी असायची. तेच सांगते, मुळापासून ऐक. एक होतं गाव, पेडण्याच्या पलीकडे डोंगराला टेकलेलं, आणि त्या गावात राहायची एक म्हातारी, तिचा मुलगा दत्ताराम, सून जानकी, नातू रुद्रेश आणि नात सेजल. म्हातारी कोण म्हणून काय विचारतोस, तुझ्यासमोर बसली आहे ती.

गौरेश म्हणालास ना नाव? तर गौरेशा, या वाड्यावर एकाही घरात तेव्हा फोनला रेंज नव्हती. मिळायची ती एकट्या गोपाळाच्या दुकानात, तीही तांदळाच्या पोत्यावर चढून उभं राहिलं तर. मग पंचायतीने घरोघरचे फोन नंबर मागितले — घरपट्टीसाठी, दाखल्यांसाठी, कसल्या कसल्या योजनांसाठी — तेव्हा आम्ही काय दिलं असेल? गोपाळाचा नंबर. सगळ्यांनी. मीही. घरी कोणी नसलं तर पोदेर आमचे पाव दुकानात ठेवून जातो ना, तसाच निरोपही राहील, असं आमचं डोकं. पंचायतीतल्या माणसाने लिहून घेतला, एका नंबराखाली अख्खा वाडा, त्यालाही काही वाटलं नाही. मग काय, कोणाची घरपट्टी थकली, कोणी कसला अर्ज केला, सगळं गोपाळाच्या खिशात वाजायचं. गोपाळ वाईट नव्हे हां, सेवा म्हणून करायचा — चष्मा लावायचा आणि दुकानभर वाचून दाखवायचा. आम्हाला बरं वाटायचं. शेजारच्या देवकीच्या मुलाने आपली घरपट्टी वेगळी मागितली, म्हणजे घर फुटणार, ते देवकीच्या आधी मला कळलं होतं — हस, हस, तुलाही आवडलं असतं.

आता रुद्रेशाचं. नाहीतरी तू विचारणारच, आणि तोच म्हणतो, आजी, विचारलं तर खरं सांग. मध्ये त्याचं मन बिघडलं रे. झोप नाही, जेवण नाही, विहिरीच्या कठड्यावर बसून राहायचा. बांबोळीच्या इस्पितळात नेला, डॉक्टर चांगला मिळाला, गोळ्या चालू आहेत — मघाशी तुला पेला आणून दिला तो कोण? तोच. दिसला काही वेगळा? तर औषधाच्या मदतीसाठी जानकीने पंचायतीतून अर्ज केला, आणि उत्तर कुठे आलं? गोपाळाने चष्मा लावला. "दत्तारामा, तुज्या झिलाचो अर्ज पास जालो रे, डोक्याच्या आजाराचो" — आनंदाने सांगितलं त्याने, आणि सकाळी पाव घ्यायला सगळा वाडा तिथे उभा. सेजलला तेव्हा डिचोलीचं स्थळ आलं होतं. लगेच निरोप आला, मुलाला सध्या लग्न करायचं नाही. पुढे दुसरं आलं, त्यालाही सध्या करायचं नाही. सगळ्यांनाच कसं रे सध्या नको असतं? पोरगी भावाच्या ताटात मासा जास्त वाढायला लागली, एवढंच — आपल्यामुळे मोडलं असं त्याला वाटू नये म्हणून.

मग जानकी उठली. माझी सून गायीलासुद्धा हळू हाक मारते. ती गेली पंचायतीत, मी तिच्या मागोमाग. तिथे सेक्रेटरी नवीन आली होती, सुविधा नावाची. जानकी म्हणाली, "बाय, माझ्या मुलाचा आजार तुम्ही दुकानात कशाला पाठवला?" सुविधाने कॉम्प्युटरात बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. नंबर तुम्हीच दिलात, असं म्हणता आलं असतं तिला, खरंच होतं ते. ती म्हणाली, "नंबर कोणाचा हे आम्ही विचारायला हवं होतं. आणि मेसेजात आजार लिहायचं कामच नव्हतं." मग वाड्यातल्या एकेकाला बोलावलं, दार लोटून, ज्याचा त्याचा फोन हातात बघून नंबर घेतले. तोवर टॉवरही झाला होता, सेजलने मला हा फोन घेऊन दिला. आता निरोप येतो तो एवढाच — तुमचं काम झालं, कचेरीत या. कसलं काम, ते तुम्ही जाणा नि सुविधा जाणे. — नाही, काही नाही, वेळ बघितली फोनात. बस तू.

लोक चिडले सुरुवातीला. दुकानात गंमतच उरली नाही. मीच गेले होते सुविधाकडे, देवकीला घरपट्टी किती आली विचारायला. "आजी, तुमची सांगते, त्यांची नाही." अगो, ती माझी मैत्रीण. "मग तिलाच विचारा." तिला विचारता आलं असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते गो — पण वाटेत विचार केला, आमच्या रुद्रेशाबद्दल विचारायला कोणी गेलं तर तेही असंच हात हलवत परतेल. मग राग गेला. आणि बघ ना, मागच्या महिन्यात सेजलने रहिवासाचा दाखला काढला, जन्माचा काढला, पंचायतीतून चकार शब्द बाहेर नाही. लागतात ते सहीला, आणि पहिली सही झाली तरी अजून वाड्यात कोणाला —

काय म्हणालास? कसली सही? … मी बोलले का सही?

चप्पल घालू नको. बस खाली. सेजल बजावून गेली होती, आजी, बाकी सगळीकडे बंदोबस्त केला आहे, तुझं तोंड तेवढं सांभाळ. आता अर्धं ऐकलंस तर पुरतं ऐक. इब्रामपूरचा अमोल, विमानतळावर नोकरीला आहे, सेजलही तिथेच. रुद्रेशाचं तिने त्याला आपल्या तोंडाने सांगितलं, पहिल्यांदा भेटले तेव्हाच. तो काय म्हणाला असेल? म्हणाला, मग मुहूर्त त्याच्या गोळीची वेळ सांभाळून धरू. आज पेडण्याला लग्नाच्या नोंदणीची दुसरी सही, ती झाली की लग्न पक्कं, दत्ताराम नि जानकी तिकडेच गेली आहेत. कचेरीत भिंतीवर नोटीस लावतात, कायदाच तसा, पण आमच्या वाड्यातलं माणूस पेडण्याला जाऊन भिंत वाचणार? त्याला आयतं कानात हवं. दोनदा कानातूनच मोडलं रे. तू दुकानावर विचारत बसशील, कोणीतरी अमोलच्या काकांना फोन लावील, आणि ऐन वेळी — रुद्रेशा, पावण्याला पाव नि उसळ आण. जेवूनच जा तू. नाही कसं म्हणतोस.

— थांब. वाजला. हात लावू नको, नंबर माझा, निरोप माझा. वाचता येत नाही म्हणून काय झालं, फोटो कळतो मला. जानकी रडतेय. दत्ताराम भलतीकडेच बघतोय, नेहमीसारखा. सेजलच्या केसांत अबोली, आणि हा शेजारचा उंचेला, लाजतोय मेला. झाली. झाली रे सही. रुद्रेशा, ते ताट ठेव खाली, हे बघ, तुझ्या बहिणीचं झालं.

तू अजून बसलास? ऊठ, गौरेशा. आता कोणाला सांगायचं ते सांग, मोठ्याने सांग. आम्हा दोघांना थोडं रडायचं आहे, ते पावण्यासमोर बरं दिसत नाही.