ओटी भरलेल्या घरचा दावा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या वकील संघाचे ज्येष्ठ सदस्य ॲडव्होकेट रोहिदासभाऊ, व्यासपीठावरील मान्यवर, बदलीवर निघालेल्या आमच्या न्यायाधीश माननीय हर्षला देवकर मॅडम, कर्जत-खालापूरचे वकील बंधू-भगिनी, कोर्टाचे कर्मचारी आणि बाहेर वड्यांचा वास सुटलेला असूनही आत बसून राहिलेल्या सहनशील श्रोत्यांनो,

मी ॲडव्होकेट मुनव्वर बुबेरे. मला पाच मिनिटं दिली आहेत. वकिलाची पाच मिनिटं म्हणजे किती, हे अध्यक्षांना मी काय सांगावं?

मॅडमनी निकाली काढलेल्या दाव्यांबद्दल सगळेच बोलले. मी बोलणार आहे त्यांनी न चालवलेल्या दाव्याबद्दल. अपिलाची मुदतही सरली आहे, तेव्हा आता हरकत नसावी.

कडावच्या पलीकडे डोंगराला लागून एक ठाकरवाडी आहे. तिथल्या गोदाबाई माझ्या पक्षकार. वाडीची विहिरीवर जायची जुनी वाट मनोजशेठनी फार्महाऊसचं कुंपण घालून बंद केली आणि बायांना हंडे घेऊन अख्ख्या टेकडीला वळसा पडू लागला. दावा मॅडमच्या कोर्टात लागला, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले.

पहिल्याच तारखेला मॅडमनी गोदाबाईंना पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "कायद्याच्या शिबिराला वाडीवर गेले होते, तेव्हा यांच्या घरी मी चहा घेतला. यांनी माझी ओटी भरली. हा दावा मी चालवणार नाही."

समोरचे वकील म्हणजे आजचे आपले अध्यक्षच. ते मोठ्या मनाने उठले. "आमची काही हरकत नाही, मॅडम."

"तुमची नसेल, वकीलसाहेब. माझी आहे."

गोदाबाई गप्प बसतात होय? "बाई, लेक म्हणून ओटी भरली. लेकीनंच पाठ फिरवली तं आमी जायचं कुटं?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जिंकलात तर लोक म्हणतील, लेकीनं जिंकवलं. हरलात तर मलाच वाटत राहील, की मी तुमची नाही हे दाखवायला तर हरवलं नाही ना? दोन्हीकडून वाट तुमचीच अडते."

मला मात्र राग आला होता. जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशाने दावा खालापूरला गेला आणि गोदाबाई तारखेतारखेला मजुरी बुडवून, टेंपो बदलत तिथे जाऊ लागल्या. ओटीत होतं काय हो? पसाभर तांदूळ आणि एक नारळ! तेवढ्यावर न्यायाधीश विकला जातो का? नाही जात. पण माया लागते की नाही?

कर्जतच्या बाजारात गोदाबाई रानभाजी घेऊन बसायच्या. मॅडम लांबूनच मान लववायच्या आणि भाजी दुसरीकडे घ्यायच्या. गोदाबाई मला विचारायच्या, "काय रं वकीलदादा, माझी करटुली नासकी हायत का?" मी पाव किलो करटुली घेऊन निघायचो.

खालापूरच्या कोर्टानं वाट मोकळी करायचा हुकूम दिला. मनोजशेठ अपील करणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण त्यांनी स्वतःच माणसं लावून कुंपण काढलं. मी विचारलं, तर म्हणाले, "कर्जतला हरलो असतो तर हायकोर्टापर्यंत भांडलो असतो. जजबाई वाडीच्याच, असं म्हटलं असतं. आता कुणाला काय म्हणू?"

त्या दिवशी माझा राग गेला. वाडीला वाट मिळाली आणि हरलेल्या माणसालाही न्याय झाल्यासारखं वाटलं, याहून अधिक कोर्टाकडून काय मागायचं?

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलू दिलंत आणि श्रोत्यांनी ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही टोचलं असेल, तर पोटात घाला. फक्त एक राहिलं. गोदाबाई आज आल्या आहेत. मघाशी दारात विचारत होत्या, "वकीलदादा, आता बाईंशी बोललं तं चालंल ना रं?"

मॅडम, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.