हेडमास्तरांचं लिंबू

चूक हेडमास्तरांचीच होती, हे आधीच सांगून टाकतो. मॅट्रिकच्या आधी मी ज्यांची शाळा सोडली, तेच हे. पेन्शनीत बसून त्यांनी एका इंग्रजी पुस्तकावरून मुलांसाठी घरगुती प्रयोगांचं पुस्तक लिहिलं आणि छापखान्याच्या मालकांनी ते दुरुस्तीला माझ्याकडे दिलं. मी काही तिथला नोकर नव्हतो. पुस्तक आलं तर काम.

एका प्रयोगात बाटलीत जळता कागद टाकून तोंडावर लिंबू ठेवायचं होतं. लिंबू म्हणे आपोआप आत ओढलं जातं. मी चार लिंबं ठेवून पाहिली, एकही हललं नाही. शेवटी त्यांच्या घरी गेलो.

"मास्तर, मूळ पुस्तकात काय आहे?"

"उकडलेलं अंडं. ब्राह्मणाच्या पुस्तकात अंडं छापू?"

"पण लिंबू आत जात नाही."

"तीस वर्षं शिकवलंय मी. तू मॅट्रिक तरी झालास का?"

"तुम्ही करून पाहिलंत का?"

त्यांनी आत बायकोला, म्हणजे काकूंना, चहा टाकायला सांगितलं. तीस वर्षं हा माणूस न पाहिलेलंच शिकवत होता. अंड्याचा संशय मला आधीच आला होता; येतानाच आणलेलं उकडलेलं अंडं मी खिशातून काढून सोललं, फडताळातली त्यांची चूर्णाची बाटली रिकामी केली आणि कागद पेटवून आत टाकला. अंडं गपकन आत गेलं.

दारातून काकू म्हणाल्या, "गेलं की हो खरंच!"

हेडमास्तर म्हणाले, "आता काढ बाहेर."

ते मला येत नव्हतं.

पुस्तक लिंबासकट छापलं. मालक म्हणाले, "त्यांची पुस्तकं शाळा घेतात की रे. तुझं कोण ऐकतंय?" त्या छापखान्यानं मला पुन्हा एकही पुस्तक दिलं नाही.