सरांच्या लेखात घुसलेला वेताळ

मंडळी, सगळे आलात. खानवलकर काकू, तुम्हीही समोर बसला आहात. मला माइकवर बोलायची सवय नाही, भांडायची आहे. ते तुम्हाला माहीत आहे.

माझ्या आधी तिघं बोलले. तिघांनीही हेच सांगितलं, की खानवलकर सरांनी सिद्ध केलं, इंग्रजीतला व्हॅम्पायर हा शब्द आपल्या वेताळावरून आला. शोकसभा नसती तर टाळ्या पडल्या असत्या. मंडळी, सर असं कधीच म्हणाले नाहीत. कधीच नाही.

मी कॉलेज मध्येच सोडलं. का, ते अर्ध्या भोपाळला ठाऊक आहे. घरात नुसता पडून असायचो. आईनं शाहपुऱ्याला सरांकडे पाठवलं. त्यांची नजर गेली होती, वाचून दाखवायला कुणी तरी हवं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "या, बरखुरदार. प्रेमात पडलेल्यांचा आवाज चांगला लागतो म्हणे." काकू आतून हसल्या. मला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी गेलो.

व्हॅम्पायर हा शब्द आम्ही मागे मागे नेत गेलो. इंग्रजीत तो तीनेकशे वर्षांपूर्वी आला, सर्बियाकडच्या खेड्यांतल्या बातम्यांमधून. त्याच्या मागे तिकडच्या भाषांमधला 'उपीर', अर्थ तोच. आणि सगळ्यांत मागे रशियातली एक पोथी, जवळजवळ हजार वर्षांपूर्वीची. तिच्या शेवटी ती लिहून काढणारा पाद्री स्वतःलाच उपीर म्हणवतो. का, ते कुणालाच सांगता येत नाही. शिवाय ती मूळ पोथी राहिली नाही, नंतरच्या नकला आहेत. मी 'पोथी' म्हटलं की सर थांबवायचे. नक्कल आहे ना, मग नक्कल म्हण.

मी भांडायचो. आपला वेताळ एवढा जुना, त्याचं नाव का नाही घेत? सर म्हणायचे, जुना असेल, पण इथून तिथे गेला हे कुठे लिहिलंय ते दाखव. मला कधी दाखवता आलं नाही.

या शब्दावरचा लेख आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी होता. सरांनी सांगितला, मी लिहून घेतला. संपादक मुजुमदार काकांनी शेवट वाचला आणि म्हणाले, गणपतीत असा उदास शेवट कोण वाचणार, वेताळावर आणून सोड. सरांना विचारू या, एवढंही मी म्हणालो नाही. काकांच्या घरात, त्यांच्या मुलीपायी, मला चांगलं दिसायचं होतं. काका, माफ करा, पण कारण तुम्हाला ठाऊक आहे. तिथेच बसून मी शेवट बदलला.

अंक आला. सर म्हणाले, वाच. मी वाचला. शेवटाशी आलो आणि छापलेलं सोडून सरांची मूळ वाक्यं म्हटली. पाठ होती मला.

"छापलंय तसंच?"

"हो, सर."

त्यांनी माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

आता सर नाहीत. खोटं मात्र त्यांच्या नावावर आहे, आणि आज आपण त्यालाच हार घालतोय. शरम वाटते, मंडळी. ज्यांना दिसत नव्हतं, त्यांच्यासमोर अंक धरून मी हे केलं.

सरांनी सांगितलेला शेवट असा होता: "यापलीकडे मला लिहिलेलं काही सापडलं नाही. वेताळाशी या शब्दाचं नातं आहे असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पुढच्याने इथून शोधावं."

उद्यापासून मी घरोघरी येईन. अंक काढून ठेवा. शेवटच्या ओळी खोडून हे लिहीन आणि बदल मी केला होता, असं सहीनिशी लिहीन. कुणी दार उघडलं नाही, तर बाहेर थांबेन.

काकू, हे तुम्ही आत्ताच ऐकताय. पहिला अंक तुमच्याकडचा. तुम्ही मला आत घेतलंत तर.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. जिथे बोलायला हवं होतं तिथे मी गप्प बसलो. सर, नमस्कार करतो.