मशरूमच्या खोलीत कोण गेलं होतं?

...नाही, नाही, तुम्हीच सांगा, स्वतःच्या घरात शिरायला माणसाने आधी ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवायचे? वर हाताला स्पिरिट, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी! अरे, ऑपरेशनला चाललोय की मशरूम बघायला? तुम्हाला सांगतो, घाटकोपरला भटवाडीत आमचं बैठं घर, त्याच्या मागे एक जादा खोली, आणि त्या खोलीत आमच्या दीप्तीने, म्हणजे बायकोने, भाताचा पेंढा उकडून, पिशव्यांत भरून मशरूम लावलेत. ट्रेनिंग घेऊन आलीये ना! तिथले सर म्हणाले म्हणे, "मॅडम, स्वच्छता! एक मळका हात लागला की पिशवीला हिरवी बुरशी, आणि एकीला आली की सगळ्यांची वाट!" झालं! तेव्हापासून बाई स्प्रे घेऊनच फिरते. दारावर आलेल्या भाजीवाल्याच्या हातावरसुद्धा मारला.

आणि एवढं करून काय? आली ना बुरशी! आज ही पिशवी हिरवी, उद्या तिच्या शेजारची... आणि दीप्ती बघते कोणाकडे? माझ्याकडे! "अहो, पाय धुतले होते ना? खरं सांगा. नखं दाखवा बघू." नखं! पन्नाशीचा माणूस हात पुढे करून उभा! मी धुतले होते हो! मग आत गेलं कोण? मी नाव घेत नाही, पण संशय येतोच ना!

हसू नका यार. माझं काय अडकलंय माहितीये? हे मशरूम गेले की ती खोली विद्याधरला. विद्याधर म्हणजे माझा मेव्हणा, कणकवलीहून मुंबईला बदली झालीये. माणूस चांगला, पण बोलतो! डोळे उघडले की सुरू, आणि मिटले की घोरणं सुरू, म्हणजे तोंड बंद असं नाहीच! दीप्ती म्हणाली, "मशरूम नीट आले तर तो भाड्याने बघेल, नाहीतर मागची खोली आहेच की." आता कळलं? त्या मशरूमची काळजी तिच्यापेक्षा मला जास्त!

मग मी पाळत ठेवली. शेजारची अनुपमा रोज कढीपत्ता मागायला येते, पण मान मात्र मागच्या दाराकडे. "बाळादादा, आलं का हो काही?" काय आलं का? तुला काय करायचंय गं? आणि खुद्द विद्याधर! गणपतीत आला होता, "भावोजी, जरा बघू तरी" करत आत डोकावला, वर खोलीची लांबी-रुंदी विचारली! मशरूम बघायला आलास की पलंग लावायला? मी नाव घेत नाही... म्हणजे आत्ता घेतलं, पण संशय येतोच ना!

शेवटी परवा दीप्ती बाजारात गेली तसा मी पाय बुडवले, मास्क लावला आणि आत स्टूल टाकून बसलो. येऊ दे म्हटलं चोराला! आत ही दमट हवा, मी घामाने चिंब, चोर काही येईना, पण वास येतोय... मास्कमधूनसुद्धा! कुजका! हुंगत हुंगत गेलो कोपऱ्यात, तर पिशव्यांच्या मागे लाल कपडा. उचलला... आईशप्पथ! खाली तांब्या, त्यावर नारळ, आंब्याची पानं, पुढे तांदूळ, केळं, आणि सगळ्यावर हिरवीगार लव!

दीप्ती आली. मी म्हटलं, हे काय? तर बाई थेट मालवणीवर! "हात लावू नकात! राखणदाराचो नारळ तो! पयल्याच दिवशी ठेवलंय, सगळा नीट होवंदे म्हणान!"

"अगं, पण ह्याला स्पिरिट मारलं होतंस का?"

"देवाला स्पिरिट मारू?"

घ्या! जगाची नखं तपासली हिने! म्हटलं, उचल, विसर्जन करू. छे! तो गावी न्यायचा, देवळात कौल लावून देवीला विचारायचं, मगच काय ते. आणि गावी जायचं थेट देवीच्या जत्रेला. तोवर नारळ जागचा हलणार नाही. मग हललं कोण? मशरूम! एकेक पिशवी रडत रडत बाहेर काढली तिने. खरंच रडली हो. पोटच्या पोरासारखं केलं होतं, मलाही वाईट वाटलं. तिचे डोळे पुसले आणि म्हटलं, जाऊ दे, विद्याधरला खोली तरी होईल. तर म्हणते, "वेडे आहात का? देव आहे तिथे! तिथे पाय पसरून कोण झोपणार?"

झकास! म्हणजे मागच्या खोलीत नारळ, ऐसपैस, एकटा. आणि विद्याधर आज सकाळी बॅग घेऊन आलाय, त्याची गादी बाहेर, माझ्या गादीला चिकटून. म्हटलं, ठीक आहे, जत्रेपर्यंत काढू कसंतरी. कधी आहे जत्रा?

तर दीप्ती म्हणाली, "तारीख देवी ठरवते. अजून ठरवली नाही."