मागचं तिचं नाईच ना!

...अन् वरून लोकं मलेच सांगतेत, "इश्वरभाऊ, तुमच्या पुतनीनं काय ॲप बनवलं हो!" अरे, बनवलं कुठं? अर्धं बनवलं! मागचं तिचं नाईच ना!

तुमाले सांगतो, आमच्या सिहोऱ्यात धानाच्या रोवन्याले बाया पायजे असल्या, तं पंधरा वर्सं लोकं कोनाच्या दारी येत? माह्या! पाटील येवो का मास्तर येवो, ओट्यावर बसून, "इश्वरभाऊ, उद्या एक टोळी जमवा ना जी." मी बी लगेच हो थोडी म्हनन! पह्यले तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटाचा, आभाळाकडं पाहाचं, मंग म्हनाचं... "पाहू."

अन् यंदा? ओटा खाली! कुत्रं बी उठून दुसऱ्या दारी गेलं! काहून? तं माह्या लहान भावाची, ताराचंदची पोट्टी डिंपल, नागपूरहून कॉम्पुटर शिकून आली अन् तिनं मोबाइलवर रोवन्याचं बुकिंग काढलं. बोट लावलं का बाया हाजर! ताराचंद तं असा छाती काढून फिरून राहिला जसं त्यानंच बनवलं... ज्याले सोताचा पासवर्ड पाठ नाई!

गेलो मी. म्हटलं, "दाखव तं बाई."

"मोठेबाबा, हे बटन, हे यादी, हे सारं पुढचं. हे मी बनवलं. मागचं तयार भेटते. नाव-नंबर ठेवनं, ओटीपी पाठवनं, ते एक कंपनी सांभाळते."

"म्हनजे मागचं तुह्यं नाई?"

"नाई ना."

पकडली का नाई! सैपाक दुसऱ्याचा अन् वाढनारीची वाहवा! गावभर सांगत सुटलो, मागचं तिचं नाईच ना! तं लोकं म्हनतेत, "बाया टाइमावर येतेत ना? मंग?" हट्!

मंग इचारलं, "पुढच्याचं मागच्याले समजते कसं?" तं म्हने, "मधात एपीआय असते. इकडचा निरोप तिकडं नेते, तिकडचा जबाब इकडं आनते." आता तुमीच सांगा, पंधरा वर्सं हे काम कोन करून राहिला होता बे? मीच एपीआय होतो ना! मले घातला का कोनी हार?

अन् इकडं माह्येच परे, धानाचे रोपं, रोवन्याविना वाफ्यात पिवळे पडून राहिले! बायाईले सांगाले गेलो, तं म्हनतेत, "भाऊजी, ॲपवर टाका." दात खाऊन टाकलं. तं काय दिसलं? इश्वर, पाचातून एक तारा! अन् खाली लिवलं, "मागच्या साली वावराच्या धुऱ्यावर उभा राहून दिवसभर बोंबलला. चाय पानचट." एक टोळी हो म्हनन तं शपथ!

धावत गेलो. "डिंपल, खोड हे!"

"ज्यानं लिवलं त्यालेच खोडता येते, मोठेबाबा. तसा नियमच लावला."

"मंग लिवलं कोनं?"

पोट्टी माह्या घराकडं पाहून नुसती हासे.

घरी आलो. बायको, बेबीबाई, चुलीपाशी मोबाइल घेऊन बसली होती. "ॲपवर चार नंबरची टोळी माह्यीच हाये. तो तारा मीच देल्ला," म्हने.

"अवो, नवऱ्याले एक तारा?"

"मंग? पंधरा वर्सं तुमी ओट्यावर 'पाहू' म्हनत होते, अन् नळावर जाऊन एकेकीच्या हातापाया कोन पडे? मी! तवा कोनी पुसलं मले? खोडून पायजे ना? चाय मांडा. दूध टाकून. अन् बोंबलू नका."

मांडली बापा! काय करता? परे थांबतेत का? पेली तिनं सावकाश, हात पुसला, तो एक तारा खोडला... अन् दोन देल्ले. दोन! उद्या येतो म्हने टोळी घेऊन.

अन् तुमी, हासून नका राहू... त्या डिंपलले सांगू नका फक्त. तिचं मागचं तिचं नाई, ते खरंच हाये. पन माह्यं बी मागचं माह्यं कवा होतं ना!