दिपालीला भेटायला कुणी येऊ नये

हॅलो? … हॅलो, कोण? … छबू? अगं मोठ्यानं बोल, नुसता गाडीचा आवाज येतोय. … हो, वत्सलाच बोलतेय. दुसरं कोण उचलणार हा फोन?

कुठून बोलतेस? … जामखेड? गेवराई सोडून जामखेडला काय काम काढलंस? … चहाला थांबलात. बरं. आणि पुढं कुठं? …

कुणाला भेटायला?

… नाही. … नाही म्हणतेय ना. अगं ऐक ना, परवा फोनवर मी काय सांगितलं होतं? दिपालीला भेटायला कुणी यायचं नाही, असं सांगितलं होतं का नाही? … हो, कुणी म्हणजे तूसुद्धा. माझी सख्खी बहीण झालीस म्हणून माझ्या नातीला तुझा खोकला लागणार नाही, असं थोडंच आहे?

आणि गाडीत कोण कोण? … क्रूझर केली? भरून? … तानाजी चालवतोय. बरं, तुझा लेक आहे, चालवणारच. … दोन्ही सुना. त्यांची लेकरं. … पुतण्या? सुग्रीव कावून, त्याला कशाला घेतलंस? त्याला नि दिपालीला मी कधी दोन शब्द बोलताना पाहिलं नाही. … आणि जाऊबाई? तुळजाबाईला घेतलंस? अगं देवा.

नाही, हसत नाही मी. माझं डोकं तापलंय. तुळजाबाई आजाऱ्याच्या उशाशी बसून काय करते, तुला माहीत नाही? तुमच्या शेजारच्या तात्याबांचं साधं हर्नियाचं ऑपरेशन. ही बसली आणि 'कुठं निघालात हो आम्हाला सोडून' म्हणून तिनं सूर धरला. तात्याबा उठून म्हणाले, बाई, मी लघवीला निघालोय. … हं, हस आता. तुमचं सगळं हसण्यावारी.

… कोण शिंकलं? … छबू, शिंकलं कोण? … तीच ना? आणि 'साधी सर्दी' म्हणतेस. तुला साधी. पोरीला साधी नाही.

अगं ऐक ना. एकदा पुरतं ऐकून घे, मग भांड. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या राखणदार. ताप-खोकल्याचे जंतू शिरले की त्या अडवतात. आता हाडाच्या आत, जिथं रक्त तयार होतं ना, तिथंच दिपालीच्या बिघाड झाला. पांढऱ्या पेशी ढिगानं व्हायला लागल्या, पण सगळ्या कच्च्या. कामाची एक नाही, नुसती गर्दी. … हो, तुझ्या क्रूझरसारखी. … लागू दे मनाला. त्या गर्दीत चांगल्या पेशींना जागाच उरली नाही. लाल कमी झाल्या, पोरगी पांढरीफटक पडली. रक्त गोठवणाऱ्या कमी झाल्या, अंगावर डाग उठले. आता त्या कच्च्या पेशी मारायला शिरेतून औषध सोडतात, तर ते औषध कच्चं-पक्कं काही बघत नाही, सगळ्यांनाच झोपवतं. म्हणजे आज तिच्या अंगात राखणदारच नाही. कळलं? दार सताड उघडं आहे, आणि तुम्ही शिंकत येताय.

… तुमच्या गावचा बद्रीनाथ? … तो कसा फिरतो म्हणजे? अगं, त्याचा वेगळा. ब्लड कॅन्सर हे काय एकाच आजाराचं नाव आहे? … मलाही तसंच वाटायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते एक मोठं खानदान आहे. हिला झाला तो ल्युकेमिया. दुसरा लिम्फोमा, त्यात मानेत, काखेत गाठी येतात. तिसरा मायलोमा, तो जास्त करून वयस्कर माणसांच्या हाडांत बसतो. कंबर दुखते म्हणून माणूस तेल चोळत राहतो आणि आत हाड पोखरत जातं. शिवाय ल्युकेमियातही सावकाशीचा वेगळा आणि झपाट्याचा वेगळा. बद्रीनाथचा सावकाशीचा, म्हणून तो रोजची गोळी घेतो आणि आठवडी बाजारात शेळ्या विकतो. हिचा झपाट्याचा. पाडव्याला हिनं गुढी उभारली, आणि महिन्याभरात, आखाजीला, आम्ही दवाखान्यात. … हो, औषधाला साथ देतेय. कोवळं वय आहे, बरी होऊ शकते म्हणाल्या. 'होऊ शकते', छबू. तेवढ्यावर मी या दारात बसलेय.

… मिसरी? दिपाली मिसरी लावायची? कोण म्हणतं? … दे तुळजाबाईला फोन. दे तू. … मग माझ्याकडून विचार तिला, साठ वर्षं झाली मी मिसरी लावते, मला कावून नाही झाला हा? मिसरीनं तोंडाचा होतो, ते खरं आहे, त्यावरून डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं. पण पोरीनं जन्मात त्या डबीला हात लावला नाही. … मोबाइल? … चायनीज? … वरातीत नाचली म्हणून नजर लागली? … वा! गेवराईपासून जामखेडपर्यंत एवढं सगळं ठरवून झालं?

कारण मीही विचारलं. हात जोडून विचारलं. त्या म्हणाल्या, आजी, बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. पेशी वाढता वाढता तिच्या आत कुठंतरी चूक होते, आणि ती चूकच वाढत जाते. काही रसायनं आहेत, पेट्रोलमधलं एक, फवारणीतलीही काही, त्यांच्यावर संशय घेतात. एक्स-रेसारख्या किरणांचा फार मारा झाला तर, किंवा जन्मापासूनचा एखादा दोष असला तर. पण हिला अमक्यामुळंच झालं, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. … हो, डॉक्टरसुद्धा नाही. फक्त तुमच्या गाडीला कळलंय. … लागट? नाही. तिच्यापासून तुम्हाला काही होत नाही, तुमच्यापासून तिला होतं. आणि घराण्याच्या रक्तात दोष आहे, असलंही कुणाजवळ बोलू नको. तिच्या मागं धाकटी आहे. उद्या तिला स्थळं येतील, तेव्हा तुम्हीच हे काढाल.

… अंगारा? कुणाकडून आणलात? … तोंडात घालायचा? राख? … छबू, मी तिला कच्ची कोथिंबीर देत नाही. केळं सोलायच्या आधी धुते मी. आणि तू तिच्या तोंडात राख घालणार! लाव तो अंगारा सुग्रीवला, बाटली सुटली तर देवाचं नाव तरी राहील.

… हां, आता आलीस मुद्द्यावर. लोक काय म्हणतील. … म्हणू दे. वत्सलानं सख्ख्या बहिणीला दारातून परत लावलं, असंच म्हणतील ना? लावलंच. गेटला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला आहे.

… काय म्हणालीस? … परत म्हण. …

हो. आठवतं. तुला आठवतं, तर मला कसं आठवणार नाही? थोरली मी आहे. आपली वनमाला गेली तेव्हा आपल्या दारात चिटपाखरू आलं नव्हतं. … कडू घासही नाही. माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. आपल्याकडं कुणी टोपलं घेऊन आलं नाही. शेवटी माय स्वतः उठली, चूल पेटवली, आपल्या दोघींना भाकरी थापली. लेक जाळून आल्यावर त्याच हातांनी. … रडू नको. तू तर एवढीशी होतीस, भाकरी मागत होतीस. मला अजून सगळं दिसतं.

… म्हणून तू कुणाचं दुखणं चुकवत नाहीस, ते मला ठाऊक आहे गं. … ठाऊक आहे.

पण लोक कावून आले नव्हते, तेही सांग की. … हां. डाग. वनमालाच्या पाठीवर, मांड्यांवर काळेनिळे डाग. शेजारच्या भिवराबाईनं एकदा तिला न्हाऊ घातलं आणि गावभर केलं, की हिची आई हिला बडवते. पोरगी तापानं फणफणायची, हिरड्यांतून रक्त यायचं, अंगणातून उंबऱ्यापर्यंत चालली तरी मटकन बसायची. आणि लोक म्हणाले, मारून मारून आईनंच आजारी पाडली. मायनं तिच्यावर बोट उगारलं नव्हतं कधी. मला मारायची, तुला मारायची, तिला नाही. तरी माय मरेपर्यंत आडावर बायका तिला बघून घागर बाजूला घ्यायच्या.

आणि ऐक. हे मी कुणाला सांगितलं नाही. दिपालीला पहिल्यांदा दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडावरचा डाग बघितला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, आजी, घरात हिला कुणी मारतं का? … हो, मला विचारलं. मग रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा त्याच माझा हात धरून म्हणाल्या, मार नव्हे, आजाराचेच डाग आहेत हे. … वनमालाला तेच होतं का? कोण सांगणार आता? तेव्हा तपासणारं कोण होतं? पण मी दवाखान्याच्या बाकावर बसून आडावरच्या एकेका बाईशी भांडले. मनातल्या मनात, नावं घेऊन. निम्म्या तर कधीच मेल्यात.

मायच्या दारात माणसं यायला पाहिजे होती, तेव्हा आली नाहीत. इथं यायला नकोत, तर गाडी करून येतात. माणसाला कधी कळणार गं, कुठं जायचं आणि कुठं नाही?

… 'मग आम्ही करायचं तरी काय?' … हं. …

थांब. थांब जरा. तानाजीला ताप-खोकला काही नाही ना? … अगं कारण आहे म्हणून विचारतेय. लेकीसाठी अजिनाथ सकाळपासून नगरच्या रक्तपेढीत बसलाय. दिपालीच्या त्या रक्त गोठवणाऱ्या पेशी, प्लेटलेट म्हणतात, लई खाली आल्यात. उद्या तिला तिकडं न्यायचंय, त्याआधी पिशव्या पाहिजेत. त्या कुठल्या कारखान्यात होत नाहीत, माणसाच्या अंगातूनच घ्याव्या लागतात, आणि चार-पाच दिवसांवर टिकतही नाहीत. कॉलेजची पोरं येतो म्हणाली होती, त्यांनी पाय मागं घेतला. … म्हणून सांगते, इथं आष्टीत आमच्याकडं थांबूच नका. तसंच पुढं, कड्यावरून नगर.

… दुखत नाही. हातात सुई घालतात, रक्त यंत्रातून फिरवतात, तेवढ्या पेशी काढून घेतात आणि बाकीचं परत अंगात सोडतात. … नाही, अशक्तपणा येत नाही, दोन-तीन दिवसांत भरून निघतं. कारखान्यावर सहा महिने कोयता चालवणारा गडी सुईला भितो? सांग त्याला, मावशी हसली म्हणून. … सुनांचं तिथले लोक ठरवतील, आधी तपासतात.

… सुग्रीव? … आज नाही प्यायला? मग काल? … नको, राहू दे त्याला. … स्वतःहून म्हणतोय? … तिथं विचारलं तर काल घेतली नाही म्हणून सांगतो म्हणे! खोटं बोलून कुणी रक्त देतं का? त्याला म्हणावं, महिनाभर सोड आणि मग ये. पोरीला पुढंही लागणार आहे. तेव्हा मी स्वतः नेईन तुला.

… तुळजाबाईनं तिथंही आत पाय ठेवायचा नाही. … मग रडू दे. बाहेर झाड आहे, त्याखाली बसून पोटभर रडू दे.

… तू? आपल्या वयाचं घेत नाहीत. मीही हात पुढं केला होता. रक्तपेढीतल्या पोरानं माझ्या हातात बिस्किटचा पुडा दिला आणि घरी धाडलं.

… नाही गं. खिडकीतूनही नको. गेवराईपासून तुळजाबाईच्या मांडीला मांडी लावून बसलीस तू. … कळतंय मला. कळतंय. … छबू, अजिनाथ तिथं एकटा बसलाय. ज्याची लेक आजारी, तो सकाळपासून दारात येईल त्या माणसाचा दंड बघतोय. त्याला भेटायला अजून कुणी गेलेलं नाही. तू जा. त्याच्याजवळ बस, त्याला खाऊ घाल. … हो. … आणि त्याच्यापुढं अंगाऱ्याचं नाव काढलंस, तर मी तिथं येऊन भांडेन.

… निघालात? बरं. तानाजीला म्हणावं, काहीतरी खाऊन घे, उपाशीपोटी सुई घेऊ नको. … हं. ठेव आता, पोरगी आतून काहीतरी म्हणतेय. … 'आजी, कुणाशी भांडतेस एवढं?' विचारतेय. … काय सांगू तिला?

… बरं. छबू आलती म्हणून सांगते. ठेव.