महालक्ष्म्यांची नजर

शंकरप्पा : उचल म्हणून सांगायलोय, तारामती. मुखवट्यांचे पाचही जोड उचल. मला फळी रिकामी पाहिजे.

तारामती : अप्पा, महालक्ष्म्या बसायला अजून आठ दिवस हायेत. आत्ताच उचलून कुठं नेऊ?

शंकरप्पा : घरी ने. धा दिवस झाले बघायलोय मी. कापूर-उदबत्तीला येणारी हरेक बाई तुझ्या मुखवट्यांपुढं थांबती, बघती, आन् बाजूचे गोरे घेऊन जाती. सकाळी एकजण म्हणली, 'शंकरप्पा, लक्ष्मी अशी सावळी असती का कुठं?' काय जवाब देऊ मी?

तारामती : म्हणायचं, बाई, आधी आरशात बघा.

शंकरप्पा : हां! असं म्हणलं की परत पायरी चढंल का ती? गोलाईच्या बाजारात तीस वर्षं झाली मला. गिऱ्हाइकाला आरसा दाखवायचा नसतो, माल दाखवायचा असतो.

तारामती : मग माल बघा की. खोट दाखवा एक. साच्याच्या सांध्याची शीर कुठं दिसती का? रंग कुठं फुगलाय? एकेका जोडीला चार-चार दिवस घातलेत मी.

शंकरप्पा : म्हणूनच तर ठेवून घेतले. हात हाय तुझ्यात, कोण न्हाई म्हणतंय? पण यंदाचं साल बघ. मिरगाला शिंतोडे पडले ते पडले. मूग वाळून गेले. लोक जुनेच मुखवटे पुसून मांडतेत, आन् ज्याला घ्यायचेतच तो गोरे-गुलाबी घेतो. तू जरासा गुलाबी रंग मार न त्यांच्यावर. काय बिघडतंय?

तारामती : गुलाबीच मारायचा तर मुखवट्यांच्या कारखान्यात जाईन की. तिथं बोलावणं हायच. परवा तो मुकादम घरी आलता. चाळीस तोंडं रोज, म्हणला. आन् मी फकस्त ओठ रंगवायचे. डोळे दुसरी बाई करती, गाल तिसरी.

शंकरप्पा : मग जा की. बसून काम, सावलीत काम.

तारामती : शेषेराव बी तेच म्हणायलेत. नवरा वाईट न्हाई माझा, अप्पा. ही फळी त्यांनीच ठोकून दिलीय तुमच्या दुकानात. पण म्हणले, 'तारा, तीन साल झालं. यंदा मुखवटे न्हाई खपले तर सोमवारपासनं कारखान्यात जायचं.' मी हो म्हणून बसले.

शंकरप्पा : आन् ते जिल्ह्याचं? नवा जिल्हा झाला की कलाकारांचं प्रदर्शन भरणार म्हणत होतीस.

तारामती : गेलते की. लातूर जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेले एका हाफिसात. उद्घाटनाच्या मांडवाचे बांबू अजून निघाले नव्हते. आत नुसती टेबलं आलती. साहेब म्हणले, 'बाई, कागद जुन्या जिल्ह्यातनं यायचेत, पुढल्या साली या.' पुढल्या सालापर्यंत मी हजारो ओठ रंगवले असतील.

शंकरप्पा : अगं, अशी तोंड पाडून... हे बघ, ही आली. ये, नागम्मा. बरी आलीस. आता तूच समजाव हिला.

नागम्मा : आधी डबा घ्या. भाकरी गार व्हायली. कोण म्हणायची ही?

शंकरप्पा : तारामती. हे मुखवटे हिचेच. शिरूर अनंतपाळकडची हाय.

नागम्मा : अय्यो, तू करतीस का हे? आण बरं एक इकडं. उजेडात धर. असा... हां.

तारामती : काळा म्हणू नका, काकू. आधीच लई ऐकलंय.

नागम्मा : काळा कोण म्हणतंय? रंग झकास हाय. आमच्या घराण्यात कोण दुधासारखं हाय? ह्यांच्याकडं बघ. पण यव्वा, एक बोलू का? राग येईल तुला.

तारामती : बोला.

नागम्मा : ही तहानलेली हाय.

शंकरप्पा : काय?

नागम्मा : ही लक्ष्मी तहानलेली हाय. तुम्ही गप भाकर खा. बाया रंगामुळं मागं फिरत न्हाईत, त्यांना डोळे सहन होईनात. बघ की, कुठं बघायली ही? माझ्याकडं न्हाई. लांब, रस्त्याकडं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या पाणी मागंल असं वाटतंय. यंदा कोणाच्या घरात हाय पाणी? कोण नेईल हिला?

तारामती : थांबा, माझ्याकडं वळवून बघते.

नागम्मा : बघ की. चुकलं का माझं?

तारामती : न्हाई. चुकलं न्हाई. मला दिसलंच नव्हतं.

शंकरप्पा : अगं, रडायली का काय ही?

तारामती : मायचे डोळे हायेत ते माझ्या. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघी खडी फोडायला होतो. मी सतरा वर्षांची. टँकर यायचा तो फुफाट्यातनं. माय कपाळावर हात धरून रस्त्याकडं बघत बसायची. त्या उन्हाळ्यातच गेली. फोटू न्हाई तिचा एक बी. मी कोळशानं दगडावर तिचं तोंड काढायची, दुसऱ्या दिवशी तोच दगड फोडायची. तिथंच हात बसला माझा. पहिला मुखवटा केला तवा आपोआप तेच डोळे आले. दर साली तेच येतेत.

नागम्मा : बस. इथं पोत्यावर बस माझ्याजवळ.

तारामती : आता ते बदला म्हणू नका, काकू. गुलाबी रंग मारते मी, अप्पा म्हणतेत तसा. पण डोळे पुसायला सांगू नका. तिचं तेवढंच हाय माझ्याकडं.

नागम्मा : पूस कोण म्हणतंय? मी वेगळंच इचारते. तुझी माय रात्रंदिवस रस्त्याकडंच बघत होती का? तुझ्याकडं बघत नव्हती?

तारामती : बघायची की.

नागम्मा : कवा?

तारामती : कवा म्हणजे... टँकर आला की घागर भरायची. पहिला तांब्या मला द्यायची. स्वतः प्यायची न्हाई आधी. मी पीत असायची, आन् ती...

नागम्मा : आन् ती?

तारामती : बघत बसायची. माझ्या गळ्याकडं. घोट उतरला की तिच्या डोळ्यात... कसं सांगू, काकू? तीच पाणी प्यायल्यासारखी दिसायची.

नागम्मा : मग ते डोळे काढ.

शंकरप्पा : नागम्मा, तिला...

नागम्मा : तुम्ही मधी बोलू नका हो. यव्वा, मला अव्वा म्हणणारी तीन पोरं हायेत, पोरगी न्हाई. महालक्ष्म्या म्हणजे माझ्या लेकी, सालातनं अडीच दिवस येणाऱ्या. त्यांनी माझ्या घराकडं पाठ करून रस्ता बघावा का? त्यांनी माझ्या पंगतीकडं बघावं. पोरं जेवायलीत का, पाणी प्यायलीत का, ते बघावं. तुझ्या मायनं बघितलं तसं. डोळे तिचेच राहतील की.

तारामती : बाहुली खाली घ्यावी लागंल. ताठ ठेवलीय मी.

शंकरप्पा : बाहुली?

तारामती : डोळ्याची. अशी मधोमध हाय न, म्हणून लांब बघितल्यासारखं दिसतंय. गव्हाच्या दाण्याएवढी खाली आणली, वरची पापणी जराशी उतरवली... अप्पा, रंग-कुंचला हाय माझ्याकडं, वाटीभर पाणी द्याल का?

शंकरप्पा : तीन दिवसांनी नळ येतोय आन् तू... बरं, घे. घे. पिंपातलं घे.

तारामती : काकू, जरा समोर बसता? असं न्हाई. माझ्या हाताकडं बघा. पोरगं जेवताना बघता तसं.

नागम्मा : हे बसलेत न जेवायला, त्यांच्याकडं बघते.

शंकरप्पा : माझ्याकडं तर चाळीस वर्षांत असं बघितली न्हाईस!

नागम्मा : बघितलं. तुमचं तोंड ताटात असतंय, तुम्हाला काय ठाव?

तारामती : हलू नका, काकू. असंच. असंच राहू द्या.

शंकरप्पा : कोण हाय? कापूर? थोड्या येळानं या, बाई. आत्ता दुकान बंद हाय... उघडं दिसतंय, खरं हाय. पण बंदच हाय.

(सात दिवसांनी, त्याच दुकानात. उद्या महालक्ष्म्या यायच्या.)

तारामती : अप्पा, उरलेले न्यायला आले. पिशवी आणलीय.

शंकरप्पा : दोनच जोड उरलेत. एक औशाची बाई घेऊन गेली. ती आधी एकदा बघून परत गेलती, मला वळखू आली. ह्या बारीला लई वेळ उभी राहिली. म्हणली, 'ही कोणासारखी हाय हो? आमच्यातलीच वाटायली.' मी म्हणलं, घरी न्या, तिथं वळख पटंल.

तारामती : खरंच?

शंकरप्पा : मग! दुसरा जोड एका मास्तरणीनं नेला. भाव बी केला न्हाई.

तारामती : दोन गेले, दोन उरले. मग पाचवा?

शंकरप्पा : तो माझ्या घरी गेला. गोरा जोड होता आमचा, माझ्या मायच्या वेळचा, एकीचं नाक उडालेला. नागम्मानं त्याला हळदी-कुंकू वाहिलं आन् पेटीत ठेवला. आता तूच सांग, सोमवारी कारखान्यात गेलतीस का?

तारामती : गेलते. एक दिवस ओठ रंगवले. बरोबर बसलेल्या बाया चांगल्या हायेत हो. पण मंगळवारी उठले आन् घरी साचाच घेऊन बसले. शेषेराव काही बोलले न्हाईत. प्लास्टरची पिशवी तेवढी आत आणून ठेवली. म्हणले, 'दिवाळीपर्यंत बघू.'

शंकरप्पा : बघू म्हणजे व्हय. उरलेले दोन नेऊ नकोस, फळीवर राहू दे. पुढल्या साली जिल्ह्याचं प्रदर्शन भरलं तर तिथं मांड, न्हाई भरलं तर ही फळी हायच.

नागम्मा : कोण, तारामती आली का? बरं झालं. मी तुझ्याकडंच माणूस धाडणार होते. परवा जेवण हाय महालक्ष्म्यांचं. सोळा भाज्या कुठल्या मिळायल्यात यंदा? सात मिळाल्या, त्याच करते. तू यायचं, सवाशीण म्हणून.

तारामती : मी? तुमच्याकडं लई माणसं असतील, काकू.

नागम्मा : असू दे की. ताट तुझं त्यांच्यासमोर मांडणार हाय, लक्ष्म्यांच्या. बघू दे त्यांना तुला जेवताना.

तारामती : ...येते, अव्वा. किती वाजता येऊ?

नागम्मा : माहेरी येळ इचारून येतेत का, यव्वा?